पाऊल लावायचे दिवस

सोयाबीन निघालं की आमचं ग्राउंड तोंड उघडतं. पावसाळाभर देगलूरच्या या काळ्या मातीत पाय रुतत असतात, बुटाला शेर-शेर चिखल चिकटतो. मग दसरा उलटतो, ऊन चटके द्यायला लागतं आणि आठ-पंधरा दिवसांत माती आक्रसून तडकते. आधी केसाएवढी रेघ दिसते, मग बोट जाईल एवढी फट, आणि थंडी पडेपर्यंत बुटाचं टोक सहज जाईल अशी भेग. शेजारच्या रानात मळणी यंत्र घरघरत असतं, भुस्कट उडत असतं आणि माझं नाक वाहत असतं. डॉक्टर म्हणतात, ॲलर्जी आहे. असेल. या दिवसांत मला बऱ्याच गोष्टी सोसत नाहीत, त्यातली एक भुस्कट आहे.

परवा संध्याकाळी शाळेमागच्या ग्राउंडावर गेलो, तर कॉर्नरपाशी यंदाची पहिली भेग दिसली. वाकून बोट घातलं. दोन पेरं आत गेलं. चार वर्षांपूर्वी लातूरला असंच एकदा बोट घातलं होतं आणि तेव्हाही ते दोन पेरंच आत गेलं होतं. तेव्हा मी बोट पँटला पुसलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दल इतकी वर्षं कुणाशी बोललो नव्हतो.

मी पी.टी.चा सर. शाळेत या माणसाला काय मान असतो ते शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे, आणि पाहुणे आले की रांगा सरळ करायचं काम माझ्याकडे. पण शाळा सुटल्यावर ते मागचं पडीक रान माझं होतं. तिथे पंचवीस वर्षांपूर्वी एका चेंडूवर मी गावची टीम उभी केली. मोटर रिवाइंडिंगवाला, कापड दुकानातला, दोन भाऊ शेतातून थेट येणारे, एक जण मराठीत सुरुवात करून तेलुगूत शिव्या देणारा. टीमला नाव नव्हतं. लोक ‘सरची टीम’ म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

या टीमची एक रीत होती. खेळायच्या आधी सगळ्यांनी बूट काढायचे, एका गोलपोस्टपाशी खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं आणि अनवाणी, सावकाश, पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत चालत जायचं. मग बाजूला सरकून परत यायचं, असं सगळं ग्राउंड. नजर समोर, खाली नाही. भेग डोळ्याला फसवते. गवताच्या काडीखाली, भुस्कटाखाली दडून बसते. तळपायाला मात्र ती कळते. कळली की हात वर करायचा. मग मागून पाटी घेतलेला गडी येऊन तिच्यात मुरूम आणि भुस्कट भरायचा आणि टाचेनं दाबायचा. आम्ही याला ‘पाऊल लावणं’ म्हणायचो.

ही रीत मला शिकवली मारोतीरावांनी, व्यंकटच्या वडिलांनी. त्यांची सात एकर ज्वारी ग्राउंडाच्या बांधाला लागून. एकदा आमचा बॅक पाय मुरगळून बसला होता तेव्हा ते ज्वारीतलं कोळपं थांबवून बांधावर आले. म्हणाले, “सर, एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी. भेगा बुजवल्या का ज्वारी जगती. तुमच्या रानाच्या बुजवा, पोरं जगतील.” ते आता नाहीत. माणूस जातो आणि त्याचं एखादं वाक्य आपल्याकडे राहून जातं, तसं ते राहिलं.

व्यंकट त्यांचा एकुलता एक. लेफ्ट विंगला खेळायचा. त्याच्या डाव्या पायाबद्दल मी काही सांगायला गेलो तर बढाई वाटेल, म्हणून एवढंच सांगतो: चेंडू त्याच्याकडे गेला की बांधावर म्हशी राखणाऱ्या बायासुद्धा बोलायच्या थांबत. अंगानं सडसडीत, बोलायला कमी. सव्वीस-सत्तावीसचा होता. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकला होता आणि वयात बसणारी शेवटची भरती त्या हिवाळ्यात होती. पहाटे उदगीरच्या रस्त्यावर तो एकटा धावायचा. दूधवाले त्याच्यावरून वेळ ओळखत.

त्याच सोयाबीनच्या हंगामात लातूरला ते बॅनर लागलं.

लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, मोठ्या चष्म्यांतली दमलेली लेकरं वरून आपल्याकडे बघत असतात. त्यांच्या मधोमध एक दिवस फुटबॉल झळकला. ज्यांनी तो लावला त्या साहेबांचे क्लासेस, होस्टेलं, मेस असा मोठा पसारा होता. त्यांचा हिशोब सरळ होता. फिजिक्सचा सगळ्यात तगडा माणूस हैदराबादहून उचलला, बायोलॉजीचा राजस्थानातून आणला, की निकाल लागतो. मग फुटबॉलचा का लागू नये? त्यांनी गोव्याहून कोच आणला, लोबो सर. केरळचे दोघे आणले, कोलकात्याचा गोलकीपर आणला, आणि मूसा नावाचा एक उंच आफ्रिकन फॉरवर्ड आणला, ज्याच्याबरोबर फोटो काढायला क्लासची पोरं तास बुडवू लागली. पाच वर्षांत क्लबचं देशात नाव, असं साहेब व्यासपीठावरून म्हणाले. पैसा बोलतो तेव्हा मधे कुणी बोलत नाही.

इथल्या मातीतलेही दोघं-तिघं हवेत, असं कुणीतरी त्यांना सुचवलं. लोबो सर देगलूरला आले, बांधावर उभं राहून वीस मिनिटं खेळ पाहिला आणि व्यंकटकडे बोट केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, या पोराला घडवणारा माणूसही आम्हाला पाहिजे, असिस्टंट कोच म्हणून.

मी पन्नाशीला आलेला माणूस. मला आजवर कुणी ‘पाहिजे’ म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस हवेत होतो, हे कबूल करायला आता लाज वाटते, पण होतो.

व्यंकट मात्र जमिनीवर होता. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यानं मला गाठलं. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

“सर, मला काय बी कळून राहिलं न्हाई. भरती तोंडावर हाय. तिकडं गेलो तर ग्राउंडची तयारी व्हत न्हाई. तुमी सांगा, जाऊ का नको.”

“तुझ्या मनात काय आहे?”

“माझ्या मनात दोनी हाय. म्हणून तर तुमाला इचारलो.”

मी म्हणालो, “अरे, पोलीस हजारो आहेत. असा क्लब मराठवाड्यात पुन्हा येणार नाही.”

त्यानं मान हलवली. चहा प्यायला. “तुमी हाव ना संगट, मग जातो,” म्हणाला. इतकं सोपं झालं ते. आता वाटतं, त्यानं थोडं भांडायला हवं होतं. पण जे पोर पंधरा वर्षं तुम्ही म्हणाल तिथे पाऊल ठेवत आलं, ते कशाला भांडेल?

मी बिनपगारी रजा टाकली. बायको म्हणाली, “मोठ्या घरचा वासा, आपल्या छपराला बसत नसतो.” मी ऐकलं नाही. नवीन ट्रॅकसूट मिळाला होता, पाठीवर माझं नाव. रविवारी घरी आलो तरी तो काढत नव्हतो.

लातूरच्या त्या ग्राउंडावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी आधी बुटांचे तळ पुसले. शहराबाहेर, चारी बाजूंनी सोयाबीन कापलेली काळी रानं, आणि मधे ते हिरवंगार. व्यंकट कडेला उकिडवा बसला आणि गवतावरून तळहात फिरवत राहिला. मग म्हणाला, “सर, बापानं बघाय पाहिजे व्हतं.” असं ग्राउंड आम्ही सगळ्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

ते दोन-अडीच महिने वाईट होते असं मी म्हणणार नाही. उलट, आयुष्यातले चांगले होते, आणि तीच तर अडचण आहे. मूसा आणि व्यंकट यांची जोडी जमली. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही. मूसा ‘दे की!’ एवढं शिकला होता, आणि तेवढ्यावर त्यांचं भागायचं. एकदा व्यंकटच्या आईनं भाकरी बांधून पाठवली, तर मूसानं तुकडा मोडून तोंडात घातला आणि थबकला. मग कडेच्या रानात उभी असलेली रब्बीची ज्वारी दाखवून खुणेनं म्हणाला, हीच, हीच आमच्याकडे, माझी आई करते. उरलेली भाकरी त्यानं रुमालात बांधून खोलीवर नेली.

सरावाआधी व्यंकट सवयीनं बूट काढून फेरी मारायचा. मूसाही त्याच्यामागे. केरळचे दोघे हसायचे. लोबो सर हसायचे नाहीत, पण त्यांना त्यात काही अर्थ दिसत नसावा. त्यांचा जन्म लाल मातीतला. लाल माती पाणी पिऊन गुमान बसते. काळी माती फुगते, आक्रसते, कूस बदलते, हे तिच्यात वाढलेल्यालाच ठाऊक. आणि त्या ग्राउंडाखाली काळीच माती होती. ती खोल उकरून काढायला हवी होती, पण उद्घाटनाची घाई होती. चार बोटं वाळू पसरली आणि वर लॉनच्या गाद्या अंथरल्या. रोज पाणी मिळत होतं तोवर सगळं झाकलेलं राहिलं.

थंडी सुरू झाली आणि बोअर आटली. टँकर दोन-तीन दिवसांआड येऊ लागला. क्लबच्या पहिल्या मोठ्या मॅचच्या आदल्या सकाळी मी डाव्या कॉर्नरकडे चालत होतो, तेव्हा पायाखाली काहीतरी दबलं. बूट घातलेले होते, तरी कळलं. वाकून गवत बाजूला केलं, बोट घातलं. दोन पेरं.

लॉनवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “वरून हिरवं हाय ना सर? मग झालं. मॅचपत्तुर काय व्हत न्हाई.”

लोबो सरांना सांगायचं माझ्या मनात होतं. सकाळी होतं, दुपारी होतं. पण मग मोठा पाहुणा बोलावलेला, हैदराबादची टीम निघालेली, पत्रिका वाटलेल्या. सांगितलं असतं तर मॅच पुढे गेली असती आणि साहेबांनी विचारलं असतं, हे कुणी काढलं? आणि उत्तर आलं असतं, देगलूरच्या पी.टी.च्या सरानं. मी स्वतःला समजावलं, उद्या सकाळी पाऊल लावू, व्यंकटला भेग सापडेल, गुपचूप बुजवून टाकू. घरचीच रीत आहे.

संध्याकाळी क्लबचा मॅनेजर आला. कोट घातलेला, क्लासेसमध्ये ॲडमिशन बघणारा तरुण माणूस. “सर, उद्या कॅमेरे आहेत. ते अनवाणी फिरणं वगैरे उद्या नको. गावाकडं ठीक आहे, इथं बरं दिसत नाही.”

मी हसलो. “हो हो, ते काय, पोरांची आपली सवय,” म्हणालो. हे हसणं मला अजून ऐकू येतं.

मॅचच्या दिवशी दुपारी ऊन कोवळं होतं, हुरड्याच्या दिवसांत असतं तसं. लोक ट्रॅक्टर काढून आले होते. आमची देगलूरची टीम झाडून आली होती. खेळाडू मैदानात उतरताना व्यंकट रेषेपाशी थांबला आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. मूसाही वाकला. व्यंकटनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर होतो, नाव लिहिलेला ट्रॅकसूट घालून, शेजारी तो कोटवाला. मी मान हलवली. नको.

त्यानं नाडी पुन्हा बांधली. घट्ट, दोनदा गाठ मारून. मूसानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानंही बांधली.

पहिल्या हाफला व्यंकटच्या पासवर मूसानं गोल केला. मी उठून उभा राहिलो आणि त्या पाच मिनिटांत सगळं विसरलो, भेगसुद्धा. दुसऱ्या हाफला व्यंकट चेंडू घेऊन डाव्या कॉर्नरकडे सुटला. बॅकला चकवायला त्यानं डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळला. अंग वळलं. पाय वळला नाही. आवाज मोठा नव्हता, ज्वारीचं वाळकं धाट मोडावं एवढाच. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं.

मी पोचलो तेव्हा गवताची गादी फाटून बाजूला झाली होती आणि खालची काळी भेग उघडी पडली होती. व्यंकट ओरडत नव्हता. तो त्या भेगेकडे बघत होता.

नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टर भले होते, त्यांना जमेल तेवढं त्यांनी केलं. गुडघ्याबरोबर नसही गेली होती. त्या हिवाळ्यात भरतीची मैदानी चाचणी झाली तेव्हा व्यंकट दवाखान्यात खिडकीशी पडून होता. दूरच्या ग्राउंडावरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, असं तो म्हणाला. खरंच येत होत्या का, मला माहीत नाही. मी गेलो होतो तेव्हा मला आल्या नाहीत.

क्लब वर्षभरही टिकला नाही. लोबो सर गेले. मूसा जाण्याआधी नांदेडला आला, व्यंकटच्या पायाशी बसून राहिला, जाताना आपले बूट खाटेखाली ठेवून गेला. साहेबांचं मन दुसरीकडे लागलं. क्लास काय आणि क्लब काय, त्यांना निकाल हवा होता. त्या जागी आता होस्टेल उभं आहे. मध्यंतरी बसमधून पाहिलं, इमारत नवी असूनही भिंतींना तिरपे तडे गेलेत आणि त्यांवर रंग दिलाय. मला आनंद व्हायला हवा होता बहुतेक. झाला नाही.

एवढं सगळं सोसलं असतं, पण व्यंकटची आई. दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या दिवशी तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, “सर, तुमी संगट व्हताव म्हणून बरं झालं. परक्या गावात माझ्या लेकराला कोन बघितलं असतं?” मी चहा अर्धाच ठेवून उठलो. त्यानंतर मी त्यांच्या घरी जाणं टाळत गेलो. संध्याकाळी ग्राउंडावरही जाईनासा झालो. टीम दुसरं कुणीतरी बघायला लागलं. पाऊल लावण्याची रीत पोरांनी चालू ठेवली होती म्हणे. मी चार वर्षांत एकदाही बूट काढले नाहीत.

व्यंकट धर्माबादला धान्याच्या मोंढ्यात एका आडत्याकडे लागला होता. पोती आत-बाहेर होताना दारात मोजायचं काम. बसून करता आलं असतं, पण तो उभाच राहतो, असं कुणीतरी सांगितलं होतं.

तर परवा, इतक्या वर्षांनी संध्याकाळी ग्राउंडावर जाऊन मी त्या भेगेपाशी वाकलो होतो, आणि मागून आवाज आला, “किती हाय सर?”

व्यंकट होता. दिवाळीसाठी आला होता. डावा पाय किंचित ओढत बांधावरून उतरला. अंगानं भरला होता, कानापाशी एक-दोन केस पांढरे. ग्राउंडाच्या त्या टोकाला टीम जमत होती, बूट काढत होती.

“दोन पेरं,” मी म्हणालो. आणि मग ते आलंच. चार वर्षं दाताखाली धरून ठेवलेलं. “व्यंकट, लातूरची भेग मला आधीपासून माहीत होती. आदल्या दिवशी मी असंच बोट घातलं होतं. कुणाला सांगितलं नाही. आणि तू नाडी सोडत होतास तेव्हा…”

“मान हालवल्याली मी बघितलो व्हतो,” तो म्हणाला. “भेगंचं ठावं नव्हतं.”

तो माझ्या बोटाकडे बघत होता. मळणी यंत्र चालू होतं. भुस्कट आमच्या दोघांच्या अंगावर येत होतं. मला वाटलं, आता हा वळून निघून जाईल, आणि गेला असता तर मी हाक मारली नसती.

“मायला नका सांगू हे,” शेवटी तो म्हणाला. “तिला तुमचा लई आधार वाटतो.”

मी नुसता हुंकार दिला.

तो खाली बसला. आधी उजवा बूट काढला, मग दोन्ही हातांनी धरून डावा. रांग तिकडे उभी राहिली होती आणि आमच्याकडे बघत थांबली होती. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

“काढा की सर बूट. मला डाव्या पायाला काय कळत न्हाई आता. उजवीकडची मी सांगतो. डावीकडची तुमी बघा.”

मी बूट काढले. चार वर्षांत माझे तळवे मऊ पडले होते, खडे टोचत होते. रांगेच्या टोकाला आम्ही उभे राहिलो, मी त्याच्या डाव्या हाताला. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. आधारासाठी होता, दुसरं काही मी त्यात वाचत नाही. आम्ही सावकाश चालायला लागलो, नजर समोर ठेवून. मधल्या रेषेच्या थोडं अलीकडे, भुस्कटाखाली, माझ्या तळव्याला माती दुभंगलेली लागली.

या वेळी मी हात वर केला.